खैराटची १ जीबी आणि परभणीचा उन्हाळा : लिनक्स लॅपटॉपच्या साठवणीचा इतिहास

१/२३
२००७ सालच्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावाच्या प्राथमिक शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे काही लॅपटॉप दाखल झाले. ते लिनक्सवर चालत. त्यांना पंखा नव्हता, हार्ड डिस्क नव्हती आणि साठवणीची जागा होती अवघी १ जीबी. त्याच वर्षी दुकानातला साधा लॅपटॉप ८० ते १६० जीबीची हार्ड डिस्क घेऊन येत होता. मग शाळेतल्या मुलांसाठी इतकी तुटपुंजी जागा का निवडली गेली? आज नवा लिनक्स लॅपटॉप घेताना एसएसडी कोणती निवडावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या निर्णयात दडलेले आहे. हा धागा त्या निर्णयाचा आणि त्यानंतरच्या वाटचालीचा.

२/२३
हा प्रश्न केवळ संगणकाच्या हौशी लोकांचा नाही. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पाथरी, जिंतूर, गंगाखेड, सेलू या भागांतील जुन्या घरांत मोडी आणि उर्दू लिपीतील कागद आजही सापडतात. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शासकीय शोध सुरू झाला, तेव्हा ट्रंकेतल्या अशा कागदांना अचानक नवे महत्त्व आले. आज असा कागद हाती लागला की त्याचे पहिले छायाचित्र मोबाइलवर निघते आणि मग ते कुणातरी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर जाऊन विसावते. मूळ कागदाला वाळवी लागली, तर मागे उरते ती तेवढीच प्रत. ती ज्या वस्तूवर आहे, त्या वस्तूचा स्वभाव ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे.

३/२३
साठवणीचे प्रत्येक साधन विसरते. फक्त प्रत्येकाची विसरण्याची रीत वेगळी. शिलालेख झिजतो, ताम्रपट वितळवला जातो, कागद कुजतो. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ लीळाचरित्र याचे ठळक उदाहरण. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमवल्या. महानुभाव परंपरा सांगते की खलजींच्या आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि पुढे हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. म्हणूनच आज त्याचे एकाहून अधिक पाठ आढळतात. ग्रंथ वाचला, पण ‘मूळ’ कायमचे गेले. साधन निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. हे साधन कसे विसरते आणि त्या विसरण्यावर आपल्याकडे उतारा काय, हा तो प्रश्न.

४/२३
प्रथम हार्ड डिस्क. तिचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या रामॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे आकार घटला, क्षमता वाढली. तत्त्व मात्र तेच राहिले. फिरती तबकडी आणि तिच्यावरून केसाहूनही कितीतरी सूक्ष्म अंतर राखून तरंगणारे वाचनशीर्ष. या रचनेने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या : स्थिर मेज आणि अखंड वीज. लॅपटॉप चालू असताना हातातून निसटला, तर शीर्ष तबकडीवर आदळते. हार्ड डिस्क बहुधा आवाज करून मरते. तिच्या मृत्यूची पूर्वसूचना अनेकदा कानांना मिळते.

५/२३
दुसरी वाट १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झाली. दावोन कांग आणि सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ची कल्पना मांडली. चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या एका सूक्ष्म बेटावर इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे. वीज गेली तरी ते तिथेच राहतात आणि त्यांचे असणे-नसणे म्हणजेच माहिती. या कल्पनेतून तोशिबाचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी घडवली. १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार जगापुढे आला आणि १९८७ मध्ये नँड फ्लॅश. आजच्या मोबाइलपासून एसएसडीपर्यंत जवळजवळ सर्वत्र या नँडचेच वंशज आहेत.

६/२३
नँडचा स्वभाव समजला की पुढचा सारा इतिहास उलगडतो. तिच्यात लिहिणे ‘पाना’च्या मापाने होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या ‘ब्लॉक’च्या मापाने. लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक विद्युतरोधकाची भिंत थोडी झिजते. धुळाक्षरांची पाटी आठवावी. एक अक्षर बदलायचे तर ती सगळी धूळ सपाट करावी लागते, आणि अशी सपाट करण्याची संख्याही मोजून ठरलेली. तेव्हा बदललेले पान नव्या जागी लिहायचे, जुने बाद ठरवायचे आणि सवडीने बाद पाने गोळा करून ब्लॉक पुसायचा. हा हिशेब कुणीतरी सतत ठेवला पाहिजे. तो कोणी ठेवायचा, हाच लिनक्स आणि फ्लॅश यांच्या नात्यातला मध्यवर्ती वाद.

७/२३
१९९१ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी सनडिस्क या कंपनीने (तिचेच नाव पुढे सॅनडिस्क झाले) आयबीएमसाठी २० एमबीची फ्लॅशवर आधारित ड्राइव्ह बनवली. किंमत सुमारे १,००० डॉलर. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, मूळचे कानपूरचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. लिनक्स आणि फ्लॅश ड्राइव्ह अशा रीतीने समवयस्क. तरी सामान्य माणसाच्या लॅपटॉपमध्ये दोघांची गाठ पडायला आणखी सोळा वर्षे जावी लागली.

८/२३
ती गाठ घातली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेने. जानेवारी २००५ मध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जाहीर केली. त्यातून घडलेल्या एक्सओ-१ या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि १ जीबी नँड होती. कार्यप्रणाली फेडोरा लिनक्सवर बेतलेली. निर्मात्यांनी कोष्टकातील आकडे पाहून निवड केली नव्हती. यंत्र कुठे जगणार, हे त्यांनी पाहिले. मातीची जमीन, पावसाळी दमटपणा, मुलांच्या हातून होणारी पडझड आणि बेभरवशाची वीज. अशा ठिकाणी फिरणारा भाग नको, हे पहिले सूत्र. जागा कमी पडली तरी चालेल. यंत्र मात्र टिकले पाहिजे.

९/२३
भारताच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या योजनेला नकार दिला होता. शैक्षणिक उपयोगाविषयी मंत्रालयाला शंका होती. आधी शाळा आणि शिक्षक हवेत, असा त्यामागचा सूर होता. त्यामुळे खैराटचा प्रयोग देशव्यापी शासकीय योजनेचा भाग म्हणून आला नाही. एका लहान ग्रामीण शाळेपुरता तो मर्यादित राहिला. यंत्रांसाठी देवनागरी कळफलकाची आवृत्तीही तयार झाली. या योजनेच्या शैक्षणिक यशापयशावर पुढे पुष्कळ वाद झाले. साठवणीच्या इतिहासात मात्र तिचे स्थान निर्विवाद आहे. हार्ड डिस्क नसलेला लिनक्स लॅपटॉप महाराष्ट्रातील खेड्यातल्या मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोचला, तो या मार्गाने.

१०/२३
एक्सओ-१ मध्ये नँडचा हिशेब लिनक्स स्वतः ठेवत असे. त्यासाठी वापरलेली फाइल सिस्टीम म्हणजे जेएफएफएस-२. तिचा पूर्वावतार स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९९ मध्ये रचला आणि २००१ मध्ये रेड हॅटचे डेव्हिड वुडहाउस यांनी दुसरी आवृत्ती सिद्ध केली. प्रत्येक बदल वहीच्या पुढच्या कोऱ्या ओळीवर लिहीत जायचे, झीज सर्व ब्लॉकांवर सारखी वाटायची आणि लिहिण्यापूर्वी मजकूर दाबून लहान करायचा, ही तिची रीत. १ जीबीत अधिक काही मावले ते या शेवटच्या युक्तीमुळे. कोणते पान कुठे आहे हे सारे उघड होते; वाचण्याची इच्छा असणाऱ्याला हा हिशेब कर्नलच्या कोडमध्ये वाचता येत असे.

११/२३
पण या निवडीची किंमतही मोजावी लागली. एक्सओ वापरणाऱ्या शाळांपुढे एक अडचण वारंवार उभी राहिली : नँड पूर्ण भरली की लॅपटॉप सुरूच होईना. मुले छायाचित्रे काढत, आवाज मुद्रित करत. १ जीबी भरायला वेळ लागत नसे. सुरू होताना प्रणालीला थोडेफार लिहावे लागते आणि त्यासाठी जागाच उरलेली नसे. पुढच्या आवृत्त्यांत त्यावर उपाय करावे लागले. धडा आजही ताजा आहे. फ्लॅशला काम करायला मोकळी जागा लागते. भरत आलेली एसएसडी मंदावते आणि तिची झीजही वाढते. नवा लॅपटॉप घेताना गरजेच्या नेमक्या मापाची ड्राइव्ह घेऊ नये. किमान पाचवा हिस्सा कायम रिकामा राहील, असे माप धरावे.

१२/२३
ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसने ई पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची पडदा, लिनक्स आणि ४ जीबीची फ्लॅश साठवण. स्वस्त, हलका आणि दुकानात सहज मिळणारा. आता फ्लॅशचे युग आले असे वाटले. पण वर्षभरातच चित्र पालटले. २००८ मध्ये याच मालिकेत हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी असलेली यंत्रे आली आणि ग्राहक तिकडे वळले. कारण साधे होते. गाणी आणि चित्रपट साठवायला लोकांना जागा हवी होती. टिकाऊपणापेक्षा ऐसपैसपणा जिंकला. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, याचे हे उत्तम उदाहरण. फ्लॅश परतली ती किमती उतरल्यावर आणि क्षमता वाढल्यावर.

१३/२३
परतताना तिने रूप मात्र बदलले. एक्सओच्याच पुढच्या आवृत्तीत, एक्सओ-१.५ मध्ये, उघड्या नँडऐवजी मायक्रोएसडी कार्ड आले. अशा कार्डात आणि आजच्या एसएसडीत नँडसोबत एक छोटा कंट्रोलर असतो. पानांचा हिशेब तोच ठेवतो आणि कार्यप्रणालीला केवळ एक गुळगुळीत, हार्ड डिस्कसारखी रांग दाखवतो. हिशेबाची वही लिनक्सच्या हातून निघून कंपनीच्या कुलपात गेली. सोय झाली, पारदर्शकता गेली. एसएसडी निवडताना नँडइतकेच महत्त्व या कंट्रोलरला आणि त्यातील फर्मवेअरला असते. एसएसडी अनेकदा कसलाही आवाज न करता एका क्षणी दिसेनाशी होते. तेव्हा पुष्कळदा नँड शाबूत असते; मेलेला असतो तो हिशेबनीस.

१४/२३
नव्या व्यवस्थेत एक पेच होता. वापरणाऱ्याने फाइल पुसली तरी कंट्रोलरला ते कळत नसे. तो निरुपयोगी पानेही जपत बसे. उपाय म्हणून ‘ट्रिम’ हा आदेश आला आणि २०१० पासून लिनक्स कर्नल तो पाठवू लागला. आज बहुतेक वितरणे आठवड्यातून एकदा आपोआप ट्रिम चालवतात. ड्राइव्ह ताजीतवानी राहते. पण याला दुसरी बाजू आहे. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळवता येई. ट्रिम झालेल्या एसएसडीवर ती आशा जवळजवळ मावळते. मोडी कागदांच्या छायाचित्रांचे फोल्डर चुकून पुसले गेले, तर ‘नंतर दुकानात नेऊन काढून घेऊ’ हा भरवसा आता धरता येत नाही.

१५/२३
एवढी पार्श्वभूमी असली की दुकानातील शब्द सोपे होतात. ‘एम.२’ हा केवळ आकार आहे, वेग नव्हे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. त्याच आकारात जुन्या साटा पद्धतीची ड्राइव्ह येते आणि नव्या एनव्हीएमई पद्धतीचीही. एनव्हीएमईचा पहिला मसुदा २०११ चा. २०१२ मध्ये तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाला. लॅपटॉपची खाच कोणती पद्धत स्वीकारते, हे आधी पाहावे. आणि साठवण मुख्य फलकावरच डाखलेली असेल, तर तो लॅपटॉप शक्यतो टाळावा. फलक बिघडला की ड्राइव्ह काढून दुसरीकडे वाचण्याचा मार्गच बंद होतो.

१६/२३
नँडच्या एका कप्प्यात किती बिट कोंबले आहेत, यावर तिचे आयुष्य ठरते. एसएलसीत १ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या २ पातळ्या. एमएलसीत ४ पातळ्या, टीएलसीत ८, क्यूएलसीत १६. पातळ्या वाढल्या की त्यांतील अंतर घटते. मग थोडी झीज किंवा थोडी गळतीही वाचनात चूक घडवते. खैराटच्या यंत्रांतील नँड एसएलसी होती : जागा थोडी, प्रकृती चिवट. आज सामान्य ग्राहकासमोर खरी निवड टीएलसी आणि क्यूएलसी यांतली. लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह असेल, तर टीएलसी घ्यावी. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठा मजकूर सलग लिहिताना तिचा वेग अकस्मात घसरतो. डब्यावरील टीबीडब्ल्यू हा आकडा हमीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील ते सांगतो. वाचनाच्या वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा तो अधिक बोलका.

१७/२३
कंट्रोलरला आपला हिशेब मांडायला वही लागते. महागड्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी स्वतंत्र डीरॅम असते. स्वस्त ड्राइव्ह लॅपटॉपच्याच मेमरीचा छोटा तुकडा उसना घेतात. लिनक्समध्ये ही सोय २०१७ पासून आहे. रोजच्या वापराला ती पुरते. लिनक्ससाठी खास महत्त्वाचे ते पुढचे. काही मॉडेलांनी ट्रिमच्या एका प्रकाराचा विपरीत अर्थ लावला, काही वीजबचतीच्या अवस्थेतून नीट जागी होत नसत. म्हणून कर्नलमध्ये अशा मॉडेलांच्या अपवादांची यादी ठेवावी लागली. घेण्यापूर्वी त्या मॉडेलचे नाव लिनक्ससह शोधून पाहावे आणि तिचे फर्मवेअर लिनक्समधूनच अद्ययावत करता येते का, हेही तपासावे. त्यासाठी नुसते fwupd (‘एफडब्ल्यूअपडी’) हे नाव लक्षात ठेवले तरी शोध सोपा होतो.

१८/२३
एक अडचण पुष्कळांना पहिल्याच दिवशी भेटते. नवा लॅपटॉप, नवी ड्राइव्ह आणि लिनक्सचे इन्स्टॉलर म्हणते, साठवण सापडत नाही. ड्राइव्ह सहसा निर्दोष असते. अनेक लॅपटॉप कारखान्यातून इंटेलच्या आरएसटी किंवा रेड पद्धतीवर लावलेले येतात आणि तिच्याआड ड्राइव्ह झाकली जाते. बायोसमध्ये ती पद्धत बदलून एएचसीआय करावी. मात्र त्याच यंत्रावर विंडोजही ठेवायचे असेल, तर आधी त्याची पूर्वतयारी करावी आणि सर्व मजकुराची प्रत काढावी. अन्यथा विंडोज सुरू होण्याचे थांबते.

१९/२३
आता परभणीचा उन्हाळा. मे महिन्यात येथे पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत उकाडा त्याहून अधिक. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची कसोटी येथे बोलकी ठरते. सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने आपली लेखनमर्यादा पूर्ण संपल्यावरही, वीज नसताना, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, अशी अपेक्षा आहे. सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हला ४० अंशांत केवळ तीन महिन्यांची अट. म्हणजे प्रयोगशाळेने कठीण म्हणून धरलेले तापमान ही परभणीची नित्याची दुपार. बेटावर अडकवलेले इलेक्ट्रॉन उष्णतेने लवकर निसटतात.

२०/२३
यातून घाबरण्याचे कारण नाही. नव्या, कमी झिजलेल्या ड्राइव्हवर माहिती याहून कितीतरी अधिक काळ टिकते, आणि वापरातील लॅपटॉपमध्ये कंट्रोलर चुका दुरुस्त करत राहतो. धोका आहे तो एका विशिष्ट सवयीत. कामाची सारी छायाचित्रे जुन्या, घासलेल्या एसएसडीवर घालून ती वर्षानुवर्षे लोखंडी कपाटात ठेवून देण्याच्या सवयीत. पोथी बासनात बांधून ठेवली की ती शतकभर राहू शकते. एसएसडी तशी राहत नाही. तिला अधूनमधून वीज द्यावी आणि आतील मजकूर वाचून पाहावा. दीर्घ मुदतीच्या प्रतीसाठी आजही साधी हार्ड डिस्क बरी. जी लॅपटॉपमध्ये गैरसोयीची ठरली, ती कपाटात उपयोगाची.

२१/२३
विजेचा प्रश्नही जुनाच. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी लिहिणे अर्धवट राहत नाही. पण बॅटरी दुबळी झालेल्या यंत्रावर हा आधार उरत नाही. ईएक्सटी-४ ही लिनक्सची प्रचलित फाइल सिस्टीम बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावरही रचना सावरते. बीटीआरएफएस त्यापुढे जाऊन प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ठेवते. फेडोराने २०२० मध्ये आपल्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी ती मूळ निवड केली. तिचा लाभ असा की मजकूर निमूटपणे बिघडला, तर निदान कळते. पोथीचा पाठभेद दोन प्रती समोरासमोर ठेवल्यावरच लक्षात येतो. येथे ते काम यंत्र करते.

२२/२३
कागद खासगी असतील, तर ड्राइव्ह कूटबद्ध करण्याचा पर्याय लिनक्स बसवतानाच मिळतो. येथेही इतिहास सावधगिरी शिकवतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ते सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरील जगाला शतकानुशतके वाचताही आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडेपर्यंत. आजचे कुलूप कोणत्याही राजवाड्यांना उघडणार नाही. परवलीचा शब्द हरवला की मजकूर संपला. तो कागदावर लिहून घरातील विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. शिवाय कूटबद्ध ड्राइव्हवर लिनक्स सुरक्षेखातर ट्रिम रोखू शकते. ती परवानगी दिली आहे का, हे पाहून घ्यावे.

२३/२३
सारांश, खरेदीच्या क्रमाने. आधी खाच आणि लांबी. मग काढता-घालता येणारी टीएलसी एनव्हीएमई ड्राइव्ह, गरजेपेक्षा थोडी मोठी. मग लिनक्सशी तिचे जमते का, याची चौकशी. वेगाचा आकडा सर्वांत शेवटी. सामान्य कामात तो फरक जाणवतही नाही. आणि त्यातून वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क. तिच्यावरची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. लॅपटॉप परभणीत असेल, तर प्रत गंगाखेडला किंवा सेलूला मामांकडे. खैराटच्या यंत्रांसाठी निवड करणाऱ्यांनी वस्तू कोणाच्या हाती आणि कोणत्या हवेत राहणार, हे आधी पाहिले होते. मोकळ्या जागेचा हिशेब मात्र त्यांचा चुकला. पहिली गोष्ट उचलावी, दुसरी टाळावी. आणि म्हाइंभटांची पोथी हरवली तेव्हा तिची दुसरी प्रत हाताशी नव्हती, एवढे लक्षात ठेवावे.

(समाप्त)